लशीच्या पेटीतलं मीठ

लशीच्या पेटीत मी मीठ टाकलं होतं. चांगल्या चार मुठी खडेमीठ. बर्फाच्या चुऱ्यावर पसरलं, हाताने खालीवर केलं, झाकण लावलं, भोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि एसटीत शेजारी बसलेल्या बाईला तिने विचारलं नसताना सांगितलं, "गुरांची लस आहे. संध्याकाळपर्यंत बर्फ हलायचा नाही, बघा." त्या बाईने पाय आखडून घेतले. पेटीला पापलेटचा वास येत होता.

नात मला विचारते, आजी, तू तेव्हा लहान होतीस का? लहान कसली, चांगली पन्नाशीला टेकलेली घोडी होते. जनावरांची सरकारी डॉक्टर, तलासरी तालुक्यात उधव्याच्या बाजूचा एक दवाखाना माझ्याकडे, शिवाय चिखल्याच्या दवाखान्याचा जादा कार्यभार. नवीन मुलांना प्रशिक्षण द्यायला मला बोलवायचे तेव्हा "लस गोठवू नये" हे वाक्य मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारत असे. रेघा मारताना मागे वळून बघायची, मुलं लिहून घेतायत ना. मुलं लिहून घ्यायची. मीच तेवढं लिहून घेतलं नव्हतं.

आता मीठच का, ते सांगते. मी धाकट्या डहाणूची, मासेमाराच्या घरची. आमच्याकडे पोराला अक्षरं कळायच्या आधी बर्फ कळतो. माझे वडील होडीवर बर्फात मीठ मिसळायचे. नुसत्या बर्फापेक्षा मिठाचा बर्फ जास्त गार होतो, पापलेट काठीसारखं ताठ राहतं, बाजारात गिऱ्हाईक बोटाने दाबून बघतं आणि गप्प होतं. हे ज्ञान माझ्या रक्तात होतं आणि त्याचा मला फार ताठा होता. पापलेट मेलेलं असतं, त्याला गोठायला काही हरकत नसते, एवढा साधा विचार त्या दिवशी पदवीधर डोक्यात आला नाही.

लस होती घटसर्पाची. पाऊस सुरू झाला की हा रोग येतो. जनावराला ताप भरतो, गळा सुजतो, श्वास घरघरायला लागतो आणि दिवस दोन दिवसांत ते आडवं होतं. म्हणून मे महिन्यातच लस टोचून ठेवायची. ती फ्रीजच्या खालच्या कप्प्याइतकी गार हवी. तापली तरी गेली आणि गोठली तरी गेली. गोठून वितळली की आतलं औषध फुटतं, बाटलीत नुसतं पाणी आणि तळाशी चोथा.

फ्रीज दवाखान्यात होता. उभा होता. फेब्रुवारीत बंद पडला तो पडलाच. मी दुरुस्तीची मागणी केली. वरून शेरा आला, तीन दरपत्रकं जोडावीत. तलासरीच्या त्या टापूत फ्रीज दुरुस्त करणारा माणूस एकच, गुजरातीभाषक, तोही आठवड्यातले तीन दिवस सीमेपलीकडे असायचा. त्याला तीन दरपत्रकं मागितली तर म्हणाला, "बेन, तीन वेगवेगळ्या पेननी लिहून देऊ?" मी म्हटलं, द्या. त्याने दिली. पंधरा दिवसांनी शेरा आला, तिन्ही दरपत्रकांवर मोबाईल क्रमांक एकच आहे, खुलासा करावा. मी खुलासा केला. मग फ्रीजचं वय विचारलं. ते कळवलं. मग आलं, फ्रीज जुना असल्याने दुरुस्तीऐवजी नवीन खरेदीचा प्रस्ताव पाठवावा. पाठवला. मग आलं, नवीन खरेदीसाठी तरतूद नाही, दुरुस्तीचा पर्याय तपासावा, तीन दरपत्रकं जोडावीत.

अकरा पत्रं झाली.

पण मला सगळ्यात जास्त संताप त्या पत्रांचा येत नाही. त्या बाईचा येतो, जी ही पत्रं लिहितालिहिता दवाखाना "भागवत" होती. सुया उकळून उकळून वापरायची. कापूस घरून आणायची. नवऱ्याच्या जुन्या बनियनच्या पट्ट्या कापून बैलांच्या जखमा बांधायची. एकदा एका शेतकऱ्याने विचारलं, "डॉक्टरबाई, ह्या पट्टीवर साहेबांच्या धोब्याची खूण कशी?" तेव्हा मी हसून हसून बेजार झाले. दवाखान्याची जीप दोन वर्षं आंब्याखाली उभी होती, डिझेलला मंजुरी नव्हती, तिच्या बोनेटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मी एसटीने आणि टमटमने फिरायची. आणि आढावा बैठकीत आमचे जिल्ह्याचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "या मॅडमकडून शिका. तक्रार नाही, रडगाणं नाही, आहे त्यात काम." टाळ्या वाजल्या. मी पदर सारखा केला आणि खाली बघून लाजले. लाजले! त्या टाळ्यांनंतरच्या वर्षी माझ्या दवाखान्याच्या किरकोळ खर्चाची तरतूद आणखी कमी झाली. का होणार नाही? बनियनवर भागतंय की.

तर त्या मे महिन्यात लस आली. जिल्ह्याच्या गाडीने डहाणूपर्यंत आली, सोबत दोन बर्फाच्या पिशव्या. पुढे माझ्या हद्दीतल्या एका पाड्यावर न्यायची माझी मी. सकाळी साडेसहाला मी माहेरी खाडीवर गेले. बर्फाच्या कारखान्यातून चुरा आणला. आई ओट्यावर बोंबील उलटंपालटं करत होती, तिची थर्माकोलची पेटी मागून घेतली. लस आत मांडली, बर्फ भरला आणि मिठाच्या डब्यात हात घातला.

आई म्हणाली, "मीठ कशाला गो त्यात?"

"बर्फ टिकतो."

"मावऱ्याला ठीक आहे. औषधाला कोण मीठ घालतं?"

"आई, डॉक्टर मी आहे की तू?"

"तूच गो बाय," आई म्हणाली आणि पुन्हा बोंबिलांकडे वळली. चौथी यत्ता शिकलेली बाई. पेटीत तापमापक ठेवायचा असतो, तो असता तर आईचं बरोबर आहे हे काट्याने सांगितलं असतं. तो मागच्या वर्षी फुटला होता. त्याचीही मागणी गेलेली होतीच.

पाड्यावर पोचायला साडेअकरा झाले. टमटम थांबते तिथून पुढे आमच्या परिचराच्या मोटारसायकलवर, पेटी माझ्या मांडीवर. परिचर त्याच भागातला, निवृत्तीला आलेला, गुराला धरायला त्याच्यासारखा माणूस नाही आणि बोलायला त्याच्यासारखा खवचट नाही. "बाई," तो म्हणाला, "आज काय मासळी वाटणार काय गुरांना?"

मोहाखाली शंभरावर गुरं उभी होती. हे दृश्य तुम्हाला साधं वाटेल, पण त्यामागे तीन वर्षं होती. उन्हाळ्यात तिथे गुरं मोकळी सोडलेली असतात, रानात कुठेही चरत असतात. लशीसाठी ती गोळा करायची तर दोन दिवस माणसं पाठवावी लागतात. आणि लोकांना लस नको असायची, सुईने गाय गाभडते, पोटातलं वासरू पडतं असं म्हणायचे. पहिल्या वर्षी नऊ जनावरं आली होती. दुसऱ्या वर्षी वीस. ह्या वर्षी एवढी आली ती एका बाईमुळे. तिला मी मावशी म्हणायची. पुढे कळलं की ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, पण तोवर मावशी हेच नाव पडून गेलं होतं. ती मला तू म्हणायची. तिथे सगळ्यांना तूच म्हणतात, डॉक्टरला आणि देवालाही. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली, आणि घरी बैलजोडी, एक तांबडा आणि एक पांढरा. पाड्यावर चार-पाचच जोड्या होत्या, त्यातली तिची सगळ्यात दांडगी. तिच्या भाताच्या खाचरात चिखलणी झाली की तीच जोडी शेजारच्या दोन घरांत जायची, बदल्यात त्या घरचे पुरुष हिचा नांगर धरायचे. ती जोडी होती म्हणून ती कोणाच्या दारात उभी राहत नव्हती. आधीच्या वर्षी तिच्या बैलांना लस टोचली, त्यांना काही झालं नाही, म्हणून ह्या वर्षी ती घरोघर फिरून सांगून आली होती, "बाईची सुई चांगली हाय."

मी पेटी उघडली.

बाटल्यांना बाहेरून पांढरं दव धरलं होतं. एक उचलली आणि उपडी केली. आतलं काही हललं नाही. दुसरी, तिसरी. सगळ्या टणक. मी त्या पदराखाली धरल्या, तळहातात चोळल्या, चक्क उन्हात ठेवल्या. अर्ध्या तासात वितळल्या. परिचराने एक वर धरून पाहिली.

"बाई, दूध नासल्यागत दिसतंय."

"हलवून घ्या."

"हलवलं."

"अजून हलवा."

त्याने हलवली. पांढरे कण गरगर फिरले आणि पावसात छत्री नसलेल्या माणसांसारखे पटापट खाली बसले. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

त्या क्षणी काय काय डोक्यात होतं, ते आज खोटं न बोलता लिहिते. लस वाया गेली म्हणून कळवलं की खुलासा, चौकशी, पगारातून वसुली. नवीन लस मिळेपर्यंत पाऊस. शंभर गुरं आणि ती आणणारी माणसं, जी पुन्हा यायची नाहीत. थोडी तरी लागू पडेल असं एक गुळमुळीत वाक्यही मी मनाशी तयार केलं. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्याखाली अजून एक होतं. "मी लशीत मीठ टाकलं" हे त्या सगळ्यांसमोर म्हणायची माझी हिंमत नव्हती. आढावा बैठकीत टाळ्या घेतलेली बाई मोहाखाली उभी राहून असं कसं म्हणणार?

मावशीने तांबडा पहिला आणला. म्हणजे बाकीच्यांना धीर यावा. त्याची वेसण धरली, कानाशी काहीतरी पुटपुटली, आणि माझ्या हातातल्या सिरिंजकडे बघून म्हणाली, "आज पाणी असं का? मागल्या साली दुधासारखं होतं."

"नवीन आलंय," मी म्हटलं.

आणि टोचली. तांबड्याला, पांढऱ्याला, आणि मागोमाग सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत हात भरून आला. परतताना परिचर एक शब्द बोलला नाही. त्याच्या खवचटपणाची मला एवढी आठवण कधी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी अहवाल पाठवला, उद्दिष्ट शंभर टक्के साध्य. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली.

पाऊस लागून आठवडा झाला असेल. सकाळी मी चिखल्याच्या दवाखान्यात एका वाडीवाल्याची म्हैस तपासत होते, तेव्हा परिचराचा फोन आला. "बाई, मावशीचा तांबडा गेला. एक वासरूपण गेलं खालच्या घरचं. पांढऱ्याला ताप हाय. या."

म्हैस तशीच सोडली. वाडीवाला मागून ओरडत होता. चिखल्याच्या कपाटात होती तेवढी औषधं पिशवीत कोंबली आणि निघाले. पोचले तेव्हा तांबडा अंगणात पडलेला होता, गळा फुगून मडक्याएवढा, जीभ बाहेर. त्याच्याकडे मी एकदाच बघितलं. पांढरा गोठ्यात उभा होता, मान पुढे ताणलेली, तोंडातून लाळेची तार, गळ्याखाली सूज सुरू झालेली. मावशी त्याचं तोंड फडक्याने पुसत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलीस. ह्याला बघ आधी."

शिरेतून औषध दिलं. ताप मोजला, पुन्हा तासाने मोजला. औषध एका जनावराला दोन दिवस पुरेल इतकंच होतं, आणि आता पाड्यावरची सगळी गुरं रोगाला उघडी होती. ताजी लस हवी होती आणि आजच्या आज हवी होती. मी साहेबांना फोन लावला. रेंज यावी म्हणून उकिरड्याच्या ढिगावर चढून बोलत होते, हे नातीला फार आवडतं.

"मॅडम, त्या पाड्याला लस झालीय," साहेब म्हणाले. "शंभर टक्के. तुमचीच सही आहे समोर."

"हो सर, पण रोग आलाय."

"मग तो घटसर्प नसणार. सर्पदंश असेल. सर्पदंश लिहा."

"सर, गळा सुजलाय दोघांचाही. वासराचाही."

"सापाने गळ्याला चावू नये असं कुठं लिहिलंय का?"

ढिगावर पाय घसरत होता.

"हे बघा," त्यांचा आवाज एकदम मायाळू झाला, "झालेल्या पाड्याला मी दुसऱ्यांदा लस कशी देऊ? हिशेब कोण देणार? एकच मार्ग आहे. मालकांनी लस टोचू दिली नाही असा जबाब घ्या. दहाबारा अंगठे घ्या. आकडा नजरचुकीने गेला म्हणून कळवा. उद्या सकाळी लस पाठवतो. तुम्हालाही काही नाही, मलाही काही नाही."

मला हे पटलं. मला वाचकांपासून काही लपवायचं नाही. उद्या सकाळी लस, आणि माझं नाव कुठेच नाही. मी परिचराच्या वहीतला कागद फाडला आणि लिहायला लागले. "अज्ञानामुळे व गैरसमजामुळे आम्ही आमच्या जनावरांना लस टोचू दिली नाही." वाक्य सरसर आलं. ते पाठच होतं. ते मी आजवर किती अहवालांत वाचलं होतं, आणि किती अहवालांत स्वतः लिहिलं होतं! लोक अडाणी आहेत, लोक नकार देतात. त्या प्रत्येक वाक्यामागे कोणाचा बंद फ्रीज होता, कोणाची न आलेली जीप होती, कोणाचं मीठ होतं, देव जाणे.

कागद आणि शाईची डबी घेऊन मी गोठ्यात गेले. परिचर दारात उभा होता, त्याने कागद वाचला होता. तो बाजूला झाला, पण पुरता नाही, मला अंग चोरून जावं लागलं.

मावशीने माझ्या हातातली शाई बघितली. फडकं खांद्यावर टाकलं, लुगड्याला हात पुसला आणि अंगठा पुढे केला.

"कशाचा कागद ते विचार तरी," मी म्हटलं.

"तू आणलास ना," ती म्हणाली. अंगठा तसाच पुढे.

मी डबी मिटली. खाली शेणात बसले, कारण उभं राहून ते सांगता आलं नसतं. सांगितलं सगळं. फ्रीज बंद, पेटी आईची, बर्फ, मीठ, बाटल्या गोठल्या, मला कळलं होतं, तरी टोचली, तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले.

ती पांढऱ्याची लाळ पुसत राहिली.

"मीठ?" तिने विचारलं.

"मीठ."

"मावऱ्याला घालतात ते?"

"तेच."

"आणि ह्या कागदात काय लिवलंस?"

"तुम्ही लस टोचू दिली नाही असं."

त्यावर ती जी माझ्याकडे बघत राहिली, त्या नजरेपुढे नंतर आलेली नोटीस काहीच नव्हती. उठली, बाहेर गेली, तांबड्यावर टाकलेलं गोणपाट वाऱ्याने उडालं होतं ते नीट केलं आणि परत येऊन पुन्हा पुसायला लागली.

मी तोच कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. अमुक दिवशी लस गोठलेली होती, ती गोठली हे मला माहीत होतं, तरी मी टोचली, त्यामुळे ह्या पाड्यावरचं एकही जनावर सुरक्षित नाही, तातडीने लस पाठवावी. खाली सही, हुद्दा, आणि फ्रीजच्या अकरा पत्रांचे जावक क्रमांक. ते मला तोंडपाठ होते. परिचराने मोबाईलवर फोटो काढला, उकिरड्यावर चढला आणि पाठवून दिला.

पाच मिनिटांत साहेबांचा फोन. "मॅडम, डोकं फिरलंय का तुमचं? असं कोणी लिहून देतं?"

"लस कधी येईल, सर?"

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय?"

"कळतंय. लस कधी?"

तिसऱ्या दिवशी आली. जीपने आली! आंब्याखालच्या त्याच जीपने. डिझेल मिळालं, हवा भरली, कोंबड्या हाकलल्या. वर्ष दोन वर्षं जे होत नव्हतं ते दोन दिवसांत झालं, कारण आता कागदावर एक नाव होतं आणि ते माझं होतं, त्यामुळे बाकी सगळ्यांना काम करायला मोकळीक मिळाली. ह्या मधल्या दिवसांत आणखी तीन गुरं गेली. मी खोटं लिहिलं असतं तर लस एक दिवस आधी आली असती, हे मला माहीत आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि ते उत्तर शोधायची वेळ डॉक्टरवर आणतात त्यांना मी आजही शिव्या देते.

मला नोटीस मिळाली. "अक्षम्य हलगर्जीपणा" असा शब्द होता. एक वेतनवाढ रोखली. शब्द बरोबर होता, मी त्यावर वाद घातला नाही. फक्त उत्तरात विचारलं की ह्या शब्दाखाली माझ्या एकटीचंच नाव का आहे, अकरा पत्रांवर शेरे मारणाऱ्यांची कुठे आहेत. त्याला उत्तर आलं नाही. फ्रीज मात्र आठवड्यात दुरुस्त झाला. तोच माणूस आला, पाऊण तासात काम करून गेला. जाताना म्हणाला, "बेन, या वेळी एकाच पेननी लिहिलं, तरी पास झालं."

आईला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. थर्माकोलची पेटी घेतली, धुतली, उन्हात ठेवली आणि म्हणाली, "आता ही मला दे. तुझ्या कामाची नाय."

मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मागच्या मे महिन्यात कामासाठी तलासरीला गेले होते, म्हटलं दवाखाना बघून यावं. तिथे आता एक तरुण मुलगी आहे, हुशार, चटपटीत, तीन दवाखान्यांचा कार्यभार एकटीकडे. चहा पाजला तिने. फ्रीज बघितला तर त्यावर फायली. "बंद आहे, मॅडम," ती हसत म्हणाली. "पण मी मॅनेज करते. लस माझ्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवते, इडलीच्या पिठाशेजारी."

"आणि लाइट गेली की?"

"शेजाऱ्यांकडे इन्व्हर्टर आहे. साहेब तर मीटिंगमध्ये म्हणाले, हिच्याकडून शिका."

मी कप खाली ठेवला आणि तिच्यावर अशी ओरडले की बाहेर बकरी घेऊन बसलेला म्हातारा उठून उभा राहिला. म्हटलं, मॅनेज करू नकोस. लस परत कर. ठेवायला जागा नाही असं लिही, लाल शाईने लिही, रोज लिही, आणि त्या कागदाची प्रत दारावर चिकटव, लोकांना वाचू दे. ती म्हणाली, "मग पावसाळ्यात गुरं मेली तर लोक मलाच बोलतील ना?" बोलतील. माझ्या वेळी तरी माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला बोललं होतं कोणी? पोरीचे डोळे भरले. मग मीच तिला दुसरा चहा करून दिला, दूधही तिच्याच फ्रीजवरच्या पिशवीतलं, ते नासलं होतं. दोघी हसलो. पण मी शांत झाले नव्हते आणि आताही नाही.

तिला मी एक सांगितलं नाही, ते इथे लिहिते.

दुसऱ्यांदा लस टोचली त्या दिवशी मोहाखाली पुन्हा गुरं आली. सगळी नाही, निम्मी. पांढरा वाचला होता, हाडं वर आलेली, पण पायांवर उभा होता. मावशीने ह्याही वेळी तोच सगळ्यांच्या पुढे आणला. मी बाटली काढली, तर तिने हात पुढे करून ती माझ्या हातातून घेतली. उन्हाकडे धरली, हलवली, थांबली, पुन्हा हलवली. दुधासारखी होती. मग परत दिली आणि वेसण धरली. त्या वर्षी तिने पांढऱ्याच्या जोडीला दिराचा एक अर्धाकच्चा खोंड जुंपला, दोघांची चाल जुळेना, तिची लावणी सगळ्यांच्या मागून झाली, आणि शेजारच्या दोन घरांनी नांगरासाठी दुसरीकडे बघितलं.

काम संपल्यावर मी पेटी बांधत होते. ती मोहाला टेकून उभी होती. मी तिला काहीतरी माफीचं बोलायला तोंड उघडलं, तर तिने मला पुरं बोलू दिलं नाही.

ती म्हणाली, "तू खरं सांगितलंस म्हणून माझा तांबडा उठून उभा नाय राहायचा. पुढल्या साली ये. मीठ घरी ठेव, आणि बाटली आधी माझ्या हातात दे."